जंगल सावकाश उत्तर देतं

म्हैसूरहून उटीला जाणारा रस्ता नंजनगूड आणि गुंडलूपेट मागे टाकून बंडीपूरच्या जंगलात शिरतो. पुढे कर्नाटकाची हद्द संपते, तमिळनाडूची लागते आणि जंगलाचं नाव मुदुमलाई होतं. नाव बदललं, राज्य बदललं, तरी जंगल एकच आहे. हत्ती, गवे आणि वाघ ही हद्द जुमानत नाहीत. या मुदुमलाईत एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद असा ५० हेक्टरांचा एक तुकडा आखलेला आहे. त्याला भिंत नाही की कुंपण नाही. हत्ती तिथे येतात, वणवा तिथे शिरतो, घाणेरी तिथेही माजते. वेगळेपण एवढंच, की या तुकड्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या परिस्थितिविज्ञान केंद्राने १९८८ साली इथे मोजणी सुरू केली. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर ज्याचं खोड किमान १ सेंटीमीटर जाडीचं भरेल, असं प्रत्येक झाड आणि झुडूप नोंदवलं गेलं. पहिल्या मोजणीत सुमारे २६ हजार खोडं आणि सुमारे ७० प्रजाती निघाल्या. प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी लागली, प्रत्येकाची जागा नकाशावर आली. तेव्हापासून दरवर्षी या तुकड्यात फिरून पाहिलं जातं की कोणती झाडं मेली, ती कशाने मेली आणि कोणती नवी रोपं मोजण्याजोगी झाली. दर चार वर्षांनी सगळ्यांची जाडी पुन्हा मोजली जाते. महसूल खात्याकडे प्रत्येक गटाचा सातबारा असावा, तसा इथे प्रत्येक झाडाचा उतारा आहे, जन्ममृत्यूच्या नोंदीसकट.

हे काम दिसायला साधं आहे. टेप, वही आणि झाडांची ओळख एवढ्यावर ते चालतं. पण या साध्या कामाने जंगलाबद्दल जे सांगितलं, ते दोन-तीन वर्षांच्या कोणत्याही अभ्यासाला सांगता आलं नसतं. जंगलाला प्रश्न विचारला तर ते उत्तर देतं, पण आपल्या सवडीने नाही, त्याच्या सवडीने देतं. ते उत्तर येईपर्यंत तिथे थांबायची तयारी असणं, हीच दीर्घकालीन प्रयोगांची खरी किंमत आणि खरी कमाई आहे.

पन्नास हेक्टर कशासाठी?

उष्ण कटिबंधातल्या जंगलात प्रजाती पुष्कळ असतात, पण त्यातल्या बऱ्याचशा विरळ असतात. एक हेक्टर मोजला तर काही प्रजातींचं एखाद-दुसरंच झाड हाती लागतं. त्या एका झाडाच्या जगण्या-मरण्यावरून प्रजातीबद्दल काही ठरवता येत नाही. म्हणून तुकडा मोठा हवा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी ५० हेक्टरांचा असा पहिला भूखंड आखला. मग मलेशियात पासोह इथे दुसरा झाला. त्यांच्या पाठोपाठ मुदुमलाई आलं. आज अशा भूखंडांचं जाळं जगभर पसरलं आहे आणि सगळीकडे मोजायची पद्धत एकच आहे. त्यामुळे पनामातलं दमट जंगल आणि निलगिरीच्या पायथ्याचं पानझडी जंगल यांची तुलना करता येते.

मुदुमलाईच्या या कामामागे एका मराठी शास्त्रज्ञाची दृष्टी होती. पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितिविज्ञान केंद्र उभं केलं. १९८६ साली भारतातलं पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र निलगिरीत जाहीर झालं, त्याच्या आखणीतही त्यांचा मोठा वाटा होता. बंडीपूर, नागरहोळे, मुदुमलाई आणि वायनाड ही सगळी जंगलं त्यात येतात. गाडगीळांचे विद्यार्थी रामन सुकुमार यांनी याच पट्ट्यात हत्तींवर संशोधन केलं होतं. हत्ती जंगल खातो, मोडतो, पण बियाही पसरवतो. मग तो जंगलाचं दीर्घ मुदतीत नेमकं काय करतो? हा प्रश्न एका पीएचडीत मावणारा नव्हता. सुकुमार, एच. एस. सुरेश, एच. एस. दत्तराज आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी हा भूखंड आखला आणि पुढची तीन दशकं त्याची पाठ सोडली नाही.

झाडं केव्हा मरतात?

पहिलं उत्तर हत्तींनी दिलं. वारंग हे मध्यम उंचीचं झाड पहिल्या मोजणीच्या वेळी भूखंडात सर्वांत जास्त संख्येने असलेल्या झाडांपैकी एक होतं. हत्तींना ते फार आवडतं. ते फांद्या मोडतात, साल सोलतात, लहान झाडं मुळासकट उपटतात. पुढच्या काही वर्षांत वारंगाची संख्या झपाट्याने घसरली. त्याच काळात ऐन, धावडा आणि नाणा ही मोठी झाडं मात्र जवळपास होती तशी टिकून राहिली. 'हत्तींनी जंगल उद्ध्वस्त केलं' किंवा 'हत्तींमुळे जंगलाचं काही बिघडत नाही' ही दोन्ही विधानं इथे चुकीची ठरतात. एकाच जंगलात एक प्रजाती हत्तींच्या तोंडी कमी होत होती आणि दुसरीला त्यांचा फारसा उपद्रव नव्हता.

दुसरं उत्तर आगीने दिलं. भूखंडाच्या पहिल्या दशकात वणवे वरचेवर लागले. मुदुमलाईतली आग बहुधा जमिनीलगत, वाळलेल्या गवतातून आणि पाचोळ्यातून धावते. जाड सालीच्या मोठ्या झाडांना ती सहसा मारत नाही. बारीक खोडांचा मात्र ती फडशा पाडते. त्यातली कित्येक मुळांतून पुन्हा फुटतात आणि पुढच्या आगीत पुन्हा जळतात. उभ्या जंगलाकडे पाहून ही हानी कळत नाही, कारण मोठी झाडं जागच्या जागी असतात. पुढची पिढी वर येते आहे की नाही, हे लहान खोडं वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय समजत नाही.

तिसरं उत्तर दुष्काळाचं, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. पाऊस कमी पडला की झाडं मरतात, असं आपण धरून चालतो. मुदुमलाईतल्या १९ वर्षांच्या नोंदी तपासल्यावर निघालेलं चित्र जास्त गुंतागुंतीचं होतं. मोठ्या खोडांच्या झाडांमध्ये पावसाची तूट आणि मृत्यू यांचा संबंध दिसला, पण तो त्याच वर्षी दिसला नाही. पाऊस चुकल्यावर दोन-तीन वर्षांनी झाडं मरताना आढळली. आता समजा, एखाद्या संशोधकाला दुष्काळाच्या वर्षी निधी मिळाला आणि त्याने दोन वर्षं अभ्यास केला. त्याची मोजणी अचूक असेल, पद्धत निर्दोष असेल आणि तरीही तो लिहील की दुष्काळाचा मोठ्या झाडांवर परिणाम झाला नाही. त्याचा अहवाल छापून येईल तेव्हा झाडं मरायला लागलेली असतील आणि ते पाहायला तिथे कुणी नसेल.

मृत्यू इतका उशिरा का यावा? याचा शोध ऋतुजा चित्रा-तारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भूखंडाच्या नोंदी वापरून घेतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाऊस, जमिनीतल्या वेगवेगळ्या थरांतलं पाणी आणि प्रत्येक प्रजातीची वाढ यांची वर्षानुवर्षांची सांगड घातली होती. काही झाडं वरच्या मातीतलं पाणी पितात. काहींची मुळं मातीखालच्या झिजलेल्या खडकापर्यंत जातात आणि तिथे साठलेल्या पाण्यावर जगतात. या दुसऱ्या प्रकारच्या झाडांना एखाद्या कोरड्या वर्षाची झळ लागत नाही. पण खडकातला साठा भरायला चांगल्या पावसाची ओळीने वर्षं लागतात. दुष्काळ लांबला, तो साठा आटला, की याच खोल मुळांच्या झाडांवर संकट येतं. ज्यांना आपण सर्वांत चिवट समजत होतो, तीच दीर्घ दुष्काळात धोक्यात सापडतात. हवामान बदलाच्या काळात कोणती झाडं लावावीत, कोणती जपावीत, हे ठरवताना ही माहिती लाखमोलाची आहे. आणि १९८८ साली मोजणी सुरू करणाऱ्यांपैकी कुणीही हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून पट्ट्या लावल्या नव्हत्या.

दीर्घ नोंदींचं हे वैशिष्ट्यच आहे. ज्या प्रश्नासाठी त्या सुरू होतात, त्याहून मोठ्या प्रश्नांना त्या पुढे उपयोगी पडतात.

नागरहोळ्यातले वाघ

म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिमेला नागरहोळ्याचं जंगल आहे. तिथे उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात स्वयंचलित कॅमेरे लावून वाघ मोजण्याची पद्धत रुजवली. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे छायाचित्रावरून तो पुन्हा ओळखता येतो. पूर्वी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत. त्यात चुकीला फार वाव होता. कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते २००० या नऊ वर्षांच्या नोंदींचं विश्लेषण २००६ साली प्रसिद्ध केलं. त्यात ७४ वेगवेगळे वाघ ओळखले गेले होते.

नऊ वर्षांत १०० चौरस किलोमीटरमागे वाघांची घनता ७.३ पासून २१.७ पर्यंत खालीवर झाली. वर्षाला सरासरी २३ टक्के वाघ त्या क्षेत्रातून नाहीसे होत होते. काही मरत होते, काही दुसरीकडे जात होते. एखाद्याच वर्षाचा हा आकडा वाचला, तर वाघ संपत आले असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात ही वाघांची संख्या सुदृढ होती. भरपूर शिकार मिळाली की वाघिणींना पिल्लं होतात, नवे वाघ येतात आणि जागा भरून निघते. वाघ वाचवायचा तर चितळ, सांबर आणि गवे वाचवले पाहिजेत, हा धडा त्यातून पक्का झाला. एका वर्षाची गणना बातमी देते. कारण समजायला वर्षांची रांग लागते.

पाहत राहणं आणि करून बघणं

इथपर्यंत जे सांगितलं, ते निरीक्षण होतं. निसर्गात जे घडतं ते नोंदवत राहायचं. प्रयोग त्याच्या एक पाऊल पुढे जातो. प्रयोगात आपण एक गोष्ट मुद्दाम बदलतो, शेजारीच तशीच दुसरी जागा न बदलता ठेवतो आणि दोन्हींत काय फरक पडतो ते पाहतो. निरीक्षणातून संबंध दिसतात, प्रयोगातून कारणं सिद्ध होतात. जंगलात आणि कुरणांत मात्र कारणाचा परिणाम दिसायला दशकं जातात. म्हणून प्रयोगही दीर्घ असावा लागतो.

याचं सर्वांत जुनं उदाहरण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचं आहे. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी तिथे १८४३ साली गव्हाच्या शेतात आणि १८५६ साली गवताच्या कुरणात खतांचे प्रयोग सुरू केले. ते आजही चालू आहेत. कुरणाचा प्रयोग चाऱ्याचं उत्पन्न वाढवण्यासाठी होता. पण काही वर्षांतच प्रत्येक वाफ्यात वेगळाच झाडोरा दिसू लागला. खत न दिलेल्या वाफ्यांत कितीतरी प्रजाती टिकल्या, तर वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलेल्या वाफ्यांत माती आंबट होऊन मोजकीच गवतं उरली. चाऱ्याचा प्रयोग जैवविविधतेचा प्रयोग झाला. तिथे साठवलेल्या गव्हाच्या जुन्या नमुन्यांतून पुढे शास्त्रज्ञांनी रोगजंतूंचा डीएनए काढला. हवेतलं गंधकाचं प्रदूषण आणि गव्हावरचे रोग यांचा दीडशे वर्षांचा संबंध त्यातून उलगडला. नमुने बाटलीत भरणाऱ्याला डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता.

आपल्याकडे शेतीच्या क्षेत्रात ही परंपरा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या मातीत ज्वारी आणि गहू यांच्यावर दीर्घ मुदतीच्या खतांचा प्रयोग १९८८ पासून चालू आहे. मुदुमलाईची पहिली मोजणी झाली, त्याच साली. एका वाफ्याला फक्त नत्र, एकाला नत्र आणि स्फुरद, एकाला संपूर्ण मात्रा, एकाला तिच्या जोडीला शेणखत आणि एकाला काहीच नाही. पहिल्या एक-दोन हंगामांत नुसतं नत्र दिलेलं पीकही हिरवंगार दिसतं. युरियाची गोणी म्हणूनच लोकप्रिय आहे. तिचं खरं देणं काही वर्षांनी कळतं. देशभरच्या अशा प्रयोगांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. नुसत्या नत्रावर जमीन टिकत नाही. संतुलित मात्रेला शेणखताची जोड मिळाली, तर उत्पन्नही टिकतं आणि मातीतला सेंद्रिय कर्बही.

आता पुन्हा म्हैसूरकडे येऊ. १९९६ साली काही तरुण संशोधकांनी सुरू केलेली नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था म्हैसूरची. एकेका प्रदेशाला धरून वर्षानुवर्षं काम करणं ही तिची रीत. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी अण्णामलाई डोंगरांतल्या वालपराईत, चहाच्या मळ्यांमध्ये उरलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांत २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्थानिक झाडं लावायला घेतली. मोडकं जंगल नुसतं राखलं तर ते आपोआप सावरतं, की त्याला हात द्यावा लागतो, असा तिथला प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी काही जागा जशाच्या तशा सोडल्या आणि त्यांची तुलना लागवड केलेल्या जागांशी आणि शाबूत जंगलाशी केली. २०१९ साली, म्हणजे सात ते पंधरा वर्षांच्या वाढीनंतर निकाल आला. हात दिलेल्या जागांत झाडांची दाटी, प्रजातींची संख्या, पानांचं छत आणि साठलेला कार्बन हे सगळं जास्त होतं. सलग जंगलापासून जितका तुकडा लांब, तितका हा फायदा मोठा. कारण लांबच्या तुकड्यात बिया घेऊन येणारे पक्षी आणि प्राणी कमी पोचतात. हा निष्कर्ष तिसऱ्या वर्षी काढता आला नसता. तिसऱ्या वर्षी सगळीच रोपं लहान असतात.

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात भारतीय विज्ञान संस्थेचे सुमंत बागची यांनी याहून साधा दिसणारा प्रयोग केला. उंचावरच्या कुरणात काही चौकोनांना त्यांनी कुंपण घातलं, म्हणजे याक आणि आयबेक्स आत चरणार नाहीत. शेजारचे चौकोन मोकळे ठेवले. मग वर्षानुवर्षं दोन्हीकडची माती तपासली. चराई थांबली की जमिनीत कार्बन जास्त साठेल, अशी सर्वसाधारण समजूत. २०२२ साली त्यांच्या गटाने दाखवलं की कुंपणाच्या आत मातीतला कार्बन उलट अस्थिर झाला. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात तो जास्त खालीवर होऊ लागला. 'स्थिर' आणि 'अस्थिर' हे शब्दच असे आहेत, की त्यांना अनेक वर्षांच्या मोजणीशिवाय अर्थ नाही. एका वर्षाच्या आकड्यात चढ-उतार दिसूच शकत नाही.

वणवा: न झालेला प्रयोग

फेब्रुवारी २०१९ मध्ये बंडीपुरात मोठा वणवा लागला. गोपालस्वामी बेट्टाच्या परिसरात हजारो एकर जंगल जळलं. त्यानंतर नेहमीचा वाद झाला. एक बाजू म्हणाली, आग पूर्णपणे रोखली पाहिजे. दुसरी म्हणाली, वर्षानुवर्षं आग रोखल्यामुळेच पाचोळा आणि घाणेरी साचते आणि मग लागलेली आग भीषण होते.

म्हैसूरच्या आग्नेयेला, आज चामराजनगर जिल्ह्यात असलेल्या बिळीगिरी रंगन डोंगरांत या वादाची एक बाजू पिढ्यांपासून माहीत आहे. तिथले सोलिगा आदिवासी हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळ्याला हलकी आग लावत. तिला ते तरगु बेंकी म्हणतात. १९७४ साली तिथे अभयारण्य झालं आणि पुढे ही प्रथा बंद पडली. 'अत्री' या संस्थेच्या संशोधकांनी तिथे १९९७ साली आखलेल्या नमुना पट्ट्या २००८ साली पुन्हा तपासल्या. १९९७ मध्ये सुमारे ४० टक्के पट्ट्यांत घाणेरी होती, २००८ मध्ये सुमारे ८० टक्के. आगीवर बंदी आल्यामुळे घाणेरी माजली, असं सोलिगांचं म्हणणं आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असावं असं मानायला पुष्कळ आधार आहे. पण कारण सिद्ध करायचं, तर प्रयोग हवा.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हा प्रयोग १९५४ पासून चालू आहे. तिथे जंगलाचे भाग पाडले आहेत. काही दरवर्षी जाळतात, काही एकाआड एक वर्ष, काही तीन वर्षांतून एकदा, तेही वेगवेगळ्या महिन्यांत, आणि काही कधीच जाळत नाहीत. आग नको म्हणणारा आणि हवी म्हणणारा असे दोघंही तिथे जाऊन डोळ्यांनी फरक पाहू शकतात. बंडीपूर, मुदुमलाई आणि बिळीगिरी या पट्ट्यात १९५० च्या दशकात असे काही चौकोन राखले असते, तर आज वनखात्याला अंदाजावर धोरण ठरवावं लागलं नसतं. सोलिगांचं ज्ञानही केव्हाच कसोटीवर उतरलं असतं.

लोकांचं ज्ञान असं तपासता येतं, याचा दाखला गाडगीळांच्याच कामात आहे. १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या कागद कारखान्यांना बांबू कमी पडू लागला, तेव्हा सरकारने गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं. तोड सोपी जावी म्हणून बांबूच्या बेटांच्या बुडाशी असलेली काट्यांची जाळी साफ करायचा नियम होता. गावकरी म्हणत होते, ही जाळी काढली की कोवळे कोंब गुरं आणि रानजनावरं खातात. नरेंद्र प्रसाद यांच्याबरोबर केलेल्या बेटांच्या अभ्यासातून गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

दीर्घ काम का मोडतं?

अशा प्रयोगांना पैसा फार लागतो, असं नाही. अडचण वेळेच्या हिशेबाची आहे. संशोधनाचा निधी बहुधा तीन वर्षांचा असतो. पीएचडी पाच-सहा वर्षांत संपते. वनाधिकाऱ्याची बदली त्याआधीच होते आणि नवा अधिकारी आल्यावर परवानगीचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. संशोधकाला दरवर्षी नवं काही छापून दाखवावं लागतं, आणि 'यंदाही तेच मोजलं' हे वाक्य निधी देणाऱ्या समितीला आवडत नाही. या प्रत्येकाची मुदत झाडाच्या मुदतीपेक्षा लहान आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. बिनपानांचं खोड पाहून झाड ओळखणारी, हत्तीची चाहूल लागताच गटाला मागे फिरवणारी स्थानिक माणसं अशा कामाचा कणा असतात. त्यांना हंगामी मजुरीवर ठेवलं, तर ती निघून जातात आणि त्यांच्याबरोबर अचूकपणाही जातो.

तिसरी गोष्ट शिस्तीची. मोजायची उंची, आखणीची पद्धत आणि महिना बदलता कामा नये. बदलावाच लागला, तर काही काळ जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवून फरक नोंदवला पाहिजे. नोंदी एकाच्या कपाटात किंवा संगणकात न ठेवता संस्थेकडे, इतरांना वापरता येतील अशा ठेवल्या पाहिजेत.

दीर्घ प्रयोगांच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. मुदुमलाईचा ५० हेक्टरांचा तुकडा म्हणजे सगळी पानझडी जंगलं नव्हेत. शंभर किलोमीटरवर पाऊस आणि माती बदलते, उत्तरंही बदलू शकतात. एकाच भूखंडाला तुलनेसाठी जोडीदार नसतो. म्हणून मुदुमलाईसारखा एक मोठा तुकडा आणि त्याच्याभोवती वेगवेगळ्या पावसाच्या भागांत अनेक लहान तुकडे, अशी रचना लागते. केंद्र सरकारने २०१५ साली देशातल्या निरनिराळ्या परिसंस्थांसाठी दीर्घकालीन निरीक्षणाचा कार्यक्रम जाहीर केला, तो याच विचाराने. अशा कार्यक्रमाचं यश पहिल्या पाच वर्षांच्या अहवालावर मोजू नये. तिसऱ्या दशकात तो चालू आहे का, हीच त्याची खरी परीक्षा.

महाराष्ट्राने काय करावं?

महाराष्ट्रात यासाठी नव्याने जागा शोधायची गरज नाही. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात आपल्या देवरायांच्या नोंदी केल्या. त्यातल्या कितीतरी देवराया आजही कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. वनस्पतिशास्त्राच्या विभागाने जवळच्या देवराईतला एक हेक्टर गावाच्या संमतीने आखावा, झाडांना क्रमांक द्यावेत आणि दरवर्षी त्याच महिन्यात ती विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावीत. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या माळरानांवर चराईला बंद आणि चराईला खुले असे चौकोन जोडीने राखावेत. सह्याद्रीतल्या सड्यांवर दर पावसाळ्यात त्याच चौकटींतली फुलं मोजावीत. नोंदवही विभागप्रमुखाच्या नावावर न राहता विभागाच्या नावावर राहावी आणि नव्या प्राध्यापकाने रुजू होताना ती सहीनिशी ताब्यात घ्यावी.

ज्याला एवढंही शक्य नाही, त्याने एक झाड निवडावं. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनने चालवलेल्या सीझनवॉच या उपक्रमात देशभरची शाळकरी मुलं आणि सामान्य माणसं हेच करतात. ठरलेलं झाड दर आठवड्याला पाहायचं आणि पालवी, फुलं, फळं यांची नोंद करायची. अंगणातला आंबा किंवा रस्त्याकडेचा बहावा पुरतो. बहावा पूर्वीपेक्षा लवकर फुलतो का, या प्रश्नाचं उत्तर आठवणीवर देता येत नाही, नोंदीवर देता येतं.

सरकारला, विद्यापीठांना आणि निधी देणाऱ्या संस्थांना सांगणं एकच आहे. चालू असलेली दीर्घ मोजणी बंद पाडण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. नवा प्रयोग उद्याही सुरू करता येईल. पण न मोजलेलं वर्ष कितीही पैसे दिले तरी मागे जाऊन मोजता येत नाही.